बाईसाठी घेतलेला डोंगा

खोली बघायला गेलो त्या दिवशी घरमालकांनी मला आधी ओसरीपासून फाटकापर्यंत चालायला लावलं.

"जा. फाटकालोक जा. हां, आता वापस या. घाई नोका करू."

मला वाटलं, घर रस्त्यापासून किती आत आहे ते दाखवतायत. मी गेलो, आलो. ते खाली वाकून माझ्या पायांकडं बघत होते.

"डावा पाय जरासाक ओढता."

"लहानपणी पडलो होतो."

"बाकी बांधा चांगला हाय. आता खोड सांगा."

"खोड?"

"असनच नं कोनती तरी. बिनखोडीचं जनावर म्या काही बाजारात पाह्यलं नाही. आताच सांगून टाका, म्हंजे मांगून भांडन नाही."

मी नुकताच बीएड झालेला, भूगोलाचा शिक्षक म्हणून पहिल्याच नोकरीवर आलेला. मुलाखतीत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरं तेच सांगून मोकळा झालो. "झोपेत बोलतो."

"शिव्या देता?"

"नाही. शिकवतो."

"मंग काही तरास नाही," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

गाव दिग्रसपासून थोडं आत, धरणाच्या काठाला. मी मूळचा याच जिल्ह्यातल्या कळंबचा, त्यामुळं बोली माझ्या कानाची होती. माणूस मात्र नवीन होता. सारा गाव त्यांना काका म्हणायचा, मीही म्हणू लागलो. उभा जन्म त्यांनी बैलांची दलाली केली होती. गुडघे धरले म्हणून बाजार सोडला, पण नजरेनं काही बाजार सोडला नव्हता. प्लास्टिकची खुर्ची घ्यायची तरी तिला उताणी करून चारही पाय बघायचे आणि पाठीवर थाप मारायचे. घरी फ्रीज आला तेव्हा दार उघडून इतका वेळ आत बघत राहिले, की दुकानाचा माणूस म्हणाला, "काका, थंडी बाहेर जाऊन राह्यली." पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी गच्चीवर नेऊन जिना उतरायला लावला होता, असं काकू सांगायच्या. मुलगा उतरला, लग्न झालं, संसार चांगला चाललाय. त्याचं श्रेय काका अजूनही त्या जिन्याला देतात.

आणि भाव. भाव ते कधी तोंडानं बोलायचे नाहीत. बैलबाजारात सौदा दुपट्ट्याखाली होतो. दोघांचे हात कापडाखाली, बोटं धरून आकडा सांगायचा, बाजूच्यांना कापड हललेलं तेवढं दिसतं. काकांनी ही रीत घरी आणली होती. डाळ घ्यायची, सायकलची ट्यूब घ्यायची, की आला खांद्यावरचा दुपट्टा हातावर. गावातले दुकानदार सरावले होते. काकू म्हणायच्या, "भाजीवालीसंग करू नोका, म्हंजे मिळवली."

एवढा बाजार गाजवणारा माणूस, पण पाण्याला भ्यायचा. न्हाणीत डोक्यावर तांब्या ओततानासुद्धा डोळे गच्च मिटून, नाक धरून, जणू कुणी विहिरीत ढकलतंय. पावसाळ्यात धरण भरलं की गाव बघायला लोटायचं. काकाही यायचे, पण बाभळीखाली पाण्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "भरलं का? कुठलोक आलं?"

तर या माणसानं डोंगा घ्यायचं ठरवलं. डोंगा म्हणजे आमच्याकडची होडी.

कारण बाई. बाई म्हणजे काकांची थोरली बहीण. तिचं सासर म्हणजे पाण्यापलीकडचं गाव, आमच्या गच्चीवरून समोर दिसायचं. धरण व्हायच्या आधी दोन गावांमध्ये एक नाला होता. सकाळी बैलबंडी जुंपली की भाकरी थापून होईस्तोवर बाई माहेरी. मग पाणी आलं आणि रस्ता सगळा वळसा घालून गेला. तिकडून दिग्रसला एक यष्टी, दिग्रसहून इकडं दुसरी. आणि बाईंना गाडी लागायची. साधी नव्हे. यष्टी वळणावर दिसली तरी त्यांचा पदर तोंडाशी जायचा. एकदा जीप करून आणलं, तर अख्खी दिवाळी भिंतीकडं तोंड करून पडून होत्या. जाताना म्हणाल्या, "आता मले न्यायले येऊ नोको. तूच येत जा." तेव्हापासून भाऊबीज करायला काकाच जायचे. बाईंनी माहेरचा उंबरा कित्येक वर्षं पाहिला नव्हता.

तेही चाललं असतं. पण यजमान गेल्यावर बाई एकट्या राहू लागल्या. मुलगा पुण्याला. तो बोलवायचा, पण पुण्याला जायचं तरी गाडीतच बसावं लागतं. आणि एक दिवस त्या न्हाणीत पडल्या. शेजारीण ताक मागायला आली तेव्हा कळलं. तोवर तशाच पडून होत्या. हाड मोडलं नाही एवढंच. काका जाऊन आले, म्हणाले, "बाई, चाल माह्या घरी." बाई म्हणाल्या, "पाहुनी म्हनून चार दिवस येईन. राहायले नाही येनार. भावाच्या घरी राहून राह्यली असं कोनी म्हनाव, ते मले नाही पाह्यजे."

त्यानंतर काकांचं जेवण उशिरा होऊ लागलं. दिवेलागणीला गच्चीवर जायचे, पाण्यापलीकडं बाईंच्या घराचा दिवा दिसला की म्हणायचे, "लागला." मग खाली येऊन ताटावर बसायचे.

काठाला मासे धरणाऱ्या भोई लोकांचे डोंगे होते. ते आनंदानं आणून सोडायला तयार होते. पण बाईंच्या सासरी महानुभाव पंथ, मासळीचा वाससुद्धा वर्ज्य. एकदा त्या डोंग्यापर्यंत आल्या आणि तशाच घरी परतल्या. म्हणजे डोंगा हवा, आणि तो मासळी न शिवलेला हवा.

सकाळी मी तोंडात ब्रश घेऊन उभा असताना काका म्हणाले, "सर, डोंगा घ्याव म्हनतो."

आतून काकूंचा आवाज आला, "पान्याले पाठ करून उभे राहता. डोंगा काय अंगनात चालवान?"

काकांनी तिकडं लक्ष दिलं नाही. मला म्हणाले, "तुमाले येते का चालवता?"

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडात फेस होता, नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण बीएडला असताना नागपूरच्या तलावावर मी अर्धा तास बोट चालवली होती. ती बोट म्हणजे एक पांढरं बदक होतं आणि त्याला सायकलसारखे पायडल होते, हा तपशील मी गिळला. फेसासकट. म्हणालो, "येते थोडीफार."

संध्याकाळपर्यंत मी गावात पाण्यातला जाणकार झालो होतो. चावडीपाशी एका म्हाताऱ्यानं मला धरणाच्या गाळाबद्दल मत विचारलं. मी दिलंसुद्धा.

मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती असतात, तिथं मी डोंगा शोधला. पुसदच्या पलीकडं एका तलावावर कुणी सहलीच्या लोकांना फिरवायचा धंदा करत होता. धंदा बसला, आता डोंगा विकायचा होता. फायबरचा, निळा, चार माणसं बसतील एवढा, सोबत दोन वल्ही. मी फोटो दाखवला. काकांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला, उलटा करून मागची बाजू बघितली.

"फोटोवर कोनी बैल घेते का, सर? चाला, जाऊन पाहू."

गेलो. विकणारा चाळिशीचा, हसतमुख माणूस. त्यानं चहा सांगितला. काकांनी चहा नाकारला. सौदा होईपर्यंत मालकाचा चहा घ्यायचा नाही, डोळ्यावर येतो, मग खोड दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. डोंगा काठावर ओढून ठेवला होता. काकांनी त्याला उजवीकडून फेरी घातली, मग डावीकडून. बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी मागच्या बाजूला थाप मारली. कान लावला. मग गुडघे धरत आत उतरले आणि ओणवं होऊन सगळा तळ हुंगून काढला.

"काय करून राह्यले काका?" माणसानं मला हळूच विचारलं.

"मासळी नेली का बघतायत."

"कधीच नाही. शाळेची पोट्टी न् लग्न झालेली जोडपी, बास."

"किती दाती?" आतून काका.

माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी भाषांतर केलं, "वय विचारतायत. डोंग्याचं."

"हां! जुना हाय, पन धट्टाकट्टा हाय."

"जुळला म्हना नं मंग," काका म्हणाले. सगळे दात आलेल्या बैलाला जुळला म्हणतात. "खोड कोनती?"

माणूस भला होता. थोडा विचार करून म्हणाला, "उजवीकडे झुकते जरासाक."

काकांचा चेहरा खुलला. खोड सांगणारा मालक त्यांना फार आवडायचा. "आता चालवून दाखवा," म्हणाले आणि पाण्यापासून चांगले लांब जाऊन उभे राहिले. माणसानं डोंगा पाण्यात लोटला आणि एक चक्कर मारली. काका दोन बोटांच्या फटीतून बघत होते.

"डावीकडे जुंपाव लागन याले," एवढंच बोलले.

मग दुपट्टा निघाला. डोंगेवाल्याला बैलबाजाराची ही रीत ठाऊक नव्हती. काकांनी कापडाखाली त्याची बोटं धरली तसा तो दचकला. काकांनी एक बोट दाबलं, मग तीन, मग पंजा. तो हसायला लागला. "काका, सोडा नं, गुदगुल्या होऊन राह्यल्या." काका गंभीर. आणखी दोनदा कापड हललं आणि काका म्हणाले, "झाला सौदा. आन आता चहा." काय भाव ठरला ते मला आजवर कळलेलं नाही. मला वाटतं, त्या माणसालाही चहा संपेपर्यंत कळलं नव्हतं.

पुढं जे झालं त्याचं मूळ यानंतरच्या एका गोष्टीत आहे. डोंग्यासोबत चांगलं जाड नायलॉनचं दोरखंड होतं, टोकाला लोखंडी आकडा. काकांनी ते स्वतः सोडलं, गुंडाळलं आणि विकणाऱ्याच्या हातावर ठेवलं.

"अहो काका, हे त्याचंच हाय. त्याचे पैसे नाही घेत मी."

"नाही बाप्पा. जनावर इकतात, दावं इकत नाहीत. तुह्या घरचं दावं तुह्या घरी राह्यलं पाह्यजे. नाही तं तुही बरकत माह्यासंग येईन."

बैल विकला की गळ्यातलं दावं मालक ठेवून घेतो, घेणारा आपलं दावं घेऊन जातो, हे मलाही ठाऊक होतं. डोंग्याला तो नियम लागतो का, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. पण काकांचा चेहरा इतका पवित्र झाला होता की मी गप्प बसलो. त्या माणसानं मात्र दोन केशरी जाकिटं आमच्या अंगावर घातली, पाण्यात पडलं तर तरंगतं माणूस, म्हणाला. काकांनी ती चाचपून बघितली. "झूल हाय," म्हणाले आणि ठेवून घेतली.

डोंगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आला. तो घसरू नये म्हणून मी आत बसलो होतो, वल्ही छातीशी धरून. दिग्रसच्या चौकात माझ्याच शाळेतले दुसरे मास्तर भेटले. मोटरसायकल थांबवून काळजीनं म्हणाले, "कुठं पूर आला काय हो?"

दारी नवीन जनावर आलं की त्याच्या पायांवर पाणी घालतात. काकू तांब्या घेऊन आल्या आणि थबकल्या.

"याचे पाय कोनते?"

"समोरचं टोक पाय समज," काका म्हणाले.

काकूंनी टोकावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं आणि आम्हा दोघांकडं बघून म्हणाल्या, "मले एक सांगा, या तिघाईत शहानं कोन हाय?"

डोंगा पाण्याशी नेला. बांधायला काकांनी गोठ्यातलं जुनं दावं आणलं. मऊ सुताचं, वर्षानुवर्षं बैलांच्या मानेखाली घासून गुळगुळीत झालेलं. ते स्वतः पाण्याजवळ येईनात, म्हणून गाठ मी मारली. शाळेत असताना स्काऊटमध्ये होतो. तेव्हाची एक गाठ मला अजून येते असा माझा समज होता. एक टोक बाभळीच्या बुंध्याला आणि दुसरं डोंग्याला बांधून मी दोनदा ओढून बघितलं. सुंदर दिसत होती.

सकाळी दावं बुंध्यापाशी पडलेलं होतं आणि डोंगा नव्हता.

काका बाभळीमागून म्हणाले, "दावं तुटलं का सुटलं?"

"सुटलं."

"सुटलं," ते म्हणाले. गाठ कुणाची होती, ते बोलायची गरजच नव्हती.

दुपारी डोंगा परत आला. लांब वाहत गेलेला भोई लोकांना सापडला होता. आमचा आहे हे त्यांनी ओळखलं, आणि एवढं अंतर आणायचाच तर रिकामा कशाला आणायचा, म्हणून सकाळची सगळी मासळी त्यात भरून आणली होती. काठोकाठ. त्यांच्यातला म्होरक्या फार खुशीत होता. "चांगला डोंगा घेतला काका," म्हणाला आणि एक मोठा रोहू काढून माझ्या हातात दिला. काका तिथंच मातीत बसले.

दिवाळी तोंडावर आलेली. त्या डोंग्याला आम्ही काय काय केलं! साबणानं धुतला. चिंचेनं घासला. राख लावली. उन्हात ठेवला, तर उन्हानं वास शिजला. मी माझ्या अत्तराची बाटली त्यात रिकामी केली. त्यानंतर लग्नाला निघालेल्या मासळीसारखा वास येऊ लागला. शेवटी काकू शेणाचं टोपलं घेऊन आल्या. "बाजूले व्हा दोघंई," म्हणाल्या आणि अंगण सारवावं तसा त्यांनी तो डोंगा आतून सारवून काढला. फायबरवर शेण बसत नव्हतं, घसरत होतं. त्यांनी थोडी माती मिसळली, पुन्हा सारवलं, वाळवलं, पुन्हा एक हात दिला. वर रांगोळीची दोन बोटं ओढली. आणि खरं सांगतो, डोंग्याला घराचा वास यायला लागला.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी निघायचं ठरलं. बाईंना तसा निरोप गेला. त्या सकाळी काका सगळ्यांच्या आधी झूल घालून ओसरीवर बसले होते. हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

काकूंनी पाहिलं. त्या कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाल्या, "सराले एकटं धाडा नं. आनतीन ते."

"बाईले न्यायले भाऊ जाते," काका म्हणाले. "मास्तर जाते का? मास्तर गेला तं ते येईन का?"

काठावर आल्यावर काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधला. काकूंनी हात धरून त्यांना डोंग्यात बसवलं. घाण्याला बैल लावतात तसे ते दिसत होते. काकूंनी त्यांच्या झुलीचे बंद घट्ट केले.

मी वल्ही हातात घेतली. बदकाला पायडल होते, हे मी आधी सांगितलंच आहे. वल्हं मारलं की तोंड एकीकडं फिरायचं, दुसरं मारलं की दुसरीकडं, त्यात डोंग्याची ती उजवी खोड. मी घामाघूम झालो. "आलो का सर?" काका विचारायचे. "येतोय," मी म्हणायचो. बरंच झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "आता तं अर्ध्यात आलो असू?" आणि काठावरून काकूंचा आवाज अगदी स्पष्ट आला, "अहो, तुमी अजून अठीच आहा!"

पण येता येता आलं. उजवं वल्हं थोडं जोरात मारलं की तोंड समोर राहतं, हे हातांना कळलं. काठ मागं पडला. काका बडबडायला लागले. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. कान दिला तर बैलांची नावं होती. हिऱ्या, पाखऱ्या, ढवळ्या, कुठला कुणाला विकला, कुणाच्या घरी नीट नांदला, कुणी उपाशी ठेवला म्हणून हे भांडायला गेले. एकेक बैल दावणीतून सोडावा तसं एकेक नाव येत होतं. पलीकडचा काठ लागला तेव्हाही नावं संपली नव्हती.

बाई पुढ्यात उभ्या होत्या. बारीक, ताठ, काखेत गाठोडं. त्यांनी डोळे बांधलेला, केशरी झूल घातलेला भाऊ सारवलेल्या डोंग्यातून येताना पाहिला.

"तुले कोनी बांधून आनलं का रे?"

काकांनी दुपट्टा काढला. बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, न्यायले आलो."

लहानपणापासून पाण्याला भिणारा भाऊ, बाईंइतकं ते कुणाला ठाऊक असणार? मग त्यांनी वाकून डोंग्यावर हात फिरवला. "हे कोनं सारवलं?"

"तुह्या भावजयनं."

"हात चांगला हाय तिचा," बाई म्हणाल्या आणि बंडीत चढावं तसं सहज चढून बसल्या.

परतताना काका डोळे बांधायचे विसरले. बाईंनी त्यांचं मनगट धरलं होतं, ते त्या धरलेल्या मनगटाकडंच बघत होते. बाईंना काहीही लागलं नाही. ना चक्कर, ना मळमळ. मलाच म्हणाल्या, "सर, तुमी सरळ काहून नाही चालवत?" मी अधिक जोर लावला आणि पाणी आत उडालं. शेण भिजलं. बाईंच्या लुगड्याचा काठ हिरवा झाला, आणि सारवणाच्या खालून तो वास हळूहळू वर आला. मला आला, म्हणजे त्यांनाही आलाच. त्यांचा पदर नाकापर्यंत गेला. मी वल्हं थांबवलं. बाईंनी भावाकडं बघितलं. तो आपला मनगटाकडंच बघत होता. त्यांनी पदर खाली घेतला, मांडीवर नीट ठेवला आणि समोर बघू लागल्या. काठ येईपर्यंत तो पदर पुन्हा वर गेला नाही.

भाऊबीज झाली. काकूंनी पुरण घातलं, बाईंनी ओवाळलं. माझीही भाऊबीज त्यांनीच केली, डोंगा हाकणाऱ्याला उपाशी ठेवू नये म्हणून. मग त्या म्हणाल्या, जाते आता. काका म्हणाले, आज वारं आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सरांना सुट्टी नाही. मग डोंग्याचं वल्हं दुखावलं. बाई न्हाणीत गेल्या की काका बाहेर उगाच घुटमळत राहायचे, आतून तांब्याचा आवाज आला की पुढं सरकायचे. बाई रोज गाठोडं बांधायच्या, रोज सोडायच्या.

एक दिवस शाळेतून काठाशी गेलो तर डोंगा नाही. धावत घरी गेलो. "काका, पुन्हा सुटला!"

"सुटला नाही," काका म्हणाले. "इकला."

"विकला? का?"

"हळू बोला नं." त्यांनी आत बघितलं. "नांदेडाकडचा मानूस होता. टरकात टाकून घेऊन गेला."

मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. मी नुकताच सरळ वल्हवायला शिकलो होतो. दिग्रसहून पांढरी टोपीसुद्धा आणली होती, कप्तानाची असते तशी. "आता बाई परत कशा जातील?"

"यष्टी हाय नं," काका म्हणाले. म्हणाले आणि मान खाली घातली. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिले. "म्या कोन्या गिऱ्हाइकाले फसवलं नाही सर. बैलाची खोड लपवली नाही. आन आता सख्ख्या बहिनीले फसवून राह्यलो. सांगाव तं लागन तिले. चिडन. पायी निघन, ते तशी हाय."

दोन दिवस झाले, त्यांनी सांगितलं नाही. जेवताना बाईंच्या ताटाकडं बघायचे, तोंडाकडं नाही.

तिसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होतो. बाई अंगणात उन्हाला बसून वाती वळत होत्या. मांडीवर कापूस, पुढ्यात ताटली.

"सर, अठी या."

गेलो.

"डोंगा नाही दिसत काठाले."

"तो... रंगवायला..."

"तुमाले खोटं नाही बोलता येत. रात्री झोपेत बोलत होते तुमी. इकला नं त्यानं?"

मी मान हलवली.

"कोनाले?"

"नांदेडकडचा कोणी होता."

बाईंनी एक वात पूर्ण केली. टोक चिमटीत पिळून ताटलीत ठेवली. "दूर हाय का ते लय?"

"बरंच लांब आहे."

"वापस तं नाही आननार तो मानूस?"

"नाही, बाई. ट्रकात घालून नेला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि नवा कापूस घेतला. मी जायला वळलो तशी पुन्हा हाक आली. या वेळी आवाज खाली होता, डोळे दाराकडं.

"मले मालूम हाय म्हनून त्याले सांगू नोका. भेऊ द्या जरासाक."